गोळीचा वाटा नसतो, दादा

शिवादादा, परवा तुझं तेरावं झालं आणि आज मी प्रयोगशाळेत येऊन बसलेय. बसलेय म्हणजे नावाला. सारखी उठतेय, पाणी पितेय, खिडकी उघडतेय आणि पुन्हा लावतेय. शेजारच्या टेबलावरच्या मुलीनं विचारलं, "मॅडम, बरं नाही का?" मी म्हटलं, झोप झाली नाही. तिला काय सांगू, की सकाळपासून पडद्यावर जे रंगीत भेंडोळं मी फिरवतेय ते माझ्या कामाचं नाहीच. ते तुझं प्रोटीन आहे. तुला घेऊन गेलं ते. जगात कुणीही उघडून बघू शकतं, तशी सोय आहे. मी इकडून बघते, तिकडून बघते, उलटं करते. काय शोधतेय ते मलाच कळत नाही.

माझं काम असंच, फक्त दुसऱ्या रोगांवर. एखादा रोग कुठल्या प्रोटीनच्या जोरावर चालतो ते हेरायचं आणि त्याला गप्प बसवील असा पदार्थ शोधायचा. बहुतेक वेळा तो सापडत नाही. हे तुला पहिल्यांदा सांगितलं तेव्हा तू ओटीवर बसून बैलाची वेसण वळत होतास. वर न बघता म्हणालास, "म्हणजे तू पण दलालच की गो उजे. याची गाठ त्याच्याशी घालून द्यायची." घरात सगळे हसले. मी नुकती पीएच.डी. झालेली, नावापुढे डॉक्टर लागलेलं, जरा फुगलेच. पण पुढे कुणी काम विचारलं की मला तुझंच उत्तर आठवायचं, कारण त्याहून सोपं मला कधी जमलं नाही.

तुझी दलाली मी लहानपणी बघितलेली. धसईच्या पुढं आपलं गाव, तिथून तू मला म्हसा गावच्या जत्रेला न्यायचास. आई म्हणायची, पोरीला गुरांच्या बाजारात कशाला? तू म्हणायचास, "बघू दे ना काकी, बैल काय खातोय तिला?" तिथं दोन माणसं समोरासमोर उकिडवी बसायची, हातांवर टॉवेल टाकायची आणि टॉवेलाखाली एकमेकांची बोटं दाबून भाव ठरवायची. तोंडानं मात्र पोराबाळांची चौकशी, यंदा भात कसं पिकलं, पेंढा पुरेल का. भोवती शंभर माणसं उभी असली तरी खरं काय चाललंय ते त्या दोन हातांनाच ठाऊक. एकदा तू तुझा हात काढून घेतलास आणि गुपचूप माझा आत सारलास. समोरचा म्हातारा एवढासा हात लागल्यावर दचकलाच. मग मिशीत हसला आणि माझं बोट हळूच दाबून म्हणाला, "यंदा दलाल बारीक झाला रे शिवा."

त्या बाजारात टॉवेलाखाली हात घातलेली मी बहुधा एकटीच मुलगी असेन. नोकरीच्या पहिल्या दिवशी खोलीभर पुरुष बसलेले होते आणि सगळे माझ्याकडे बघत होते, तेव्हा मला तो टॉवेल आठवला आणि भीती गेली. हे तुला सांगायचं राहून गेलं. एवढी बडबडी मी, आणि हे एक नेमकं राहिलं.

कितीतरी वर्षांनी त्याच जत्रेत तू एका दावणीपाशी मटकन खाली बसलास. दोन-तीन महिने थकवा येत होता, पोटाच्या डाव्या बाजूला जड वाटत होतं, विजार सैल झाली होती. तू वहिनीला सांगत होतास, उन्हाचं असेल. थंडीत कसलं ऊन? रक्त तपासलं तर पांढऱ्या पेशी भरमसाट. मग मुंबईला नेलं आणि नाव कळलं, रक्ताचा कर्करोग. दोन वेगळ्या जनुकांचे तुकडे चुकून एकमेकांना जोडले गेले होते आणि त्यातून एक नवीनच प्रोटीन तयार झालं होतं. ते पेशींना म्हणत होतं, वाढा, वाढा, आणि थांबायचं नाव घेत नव्हतं. या रोगावर नेमकं त्या प्रोटीनवर बसणारं औषध आहे. आमच्या धंद्यात या गोळीचं नाव लोक देवाचं घ्यावं तसं घेतात. मी तुझा कागद वाचला आणि दवाखान्याच्या जिन्यात रडले. तुला वाटलं, आता संपलं. अरे वेड्या, मी आनंदानं रडत होते. हजार रोगांतून तुला नेमका तो झाला होता ज्याची गोळी सापडलेली आहे.

घरी येऊन मी मोठ्या उत्साहानं सांगितलं की दादाच्या रक्तातलं एक प्रोटीन बिघडलंय. पुढच्या वेळी आले तर वहिनीनं वाल बंद केलेले. अंडी बंद, डाळ बंद, तुला नुसता भात आणि पाण्यासारखं सार. म्हणे प्रोटीननं रोग झाला तर वर प्रोटीन कशाला घालायचं? तू वालाच्या बिरड्याचा एवढा भुकेला, पण मुकाट्यानं खात होतास. वहिनीला समजावता समजावता माझा घसा बसला. शेवटी ती म्हणाली, "मंग त्याला दुसरा नाव ठेवा ना. आमाला काय म्हायती." हे तिचं बरोबरच होतं.

त्याच दिवशी तू ती गोळी तळहातावर घेऊन म्हणालास, "एवढीशी ही. एवढा मोठा अंग. हिला कसा कळतो कुठं जायचा?" मी म्हटलं, तिला कळत नाही, ती सगळीकडं हिंडते. पण त्या प्रोटीनला एक खोबण आहे. त्याला कामाला लागणारं इंधन तिथं येऊन बसतं. गोळी हिंडता हिंडता त्या खोबणीत बसली की इंधनाला जागा नाही, प्रोटीन गप्प. तू खांद्यावरचा टॉवेल काढलास, माझ्या हातावर टाकलास आणि म्हणालास, "दाखव." मी टॉवेलाखाली मूठ वळली, मधे थोडी फट ठेवली. तुझं जाड बोट चाचपत आलं, फट सापडली, आत गेलं. "आन दुसऱ्या प्रोटीनला?" मी मूठ निराळी वळली. तुझं बोट इकडं अडलं, तिकडं अडलं. "नाय बसत," तू म्हणालास. "आता कळला."

हे मी पुन्हा पुन्हा आठवते, दादा, कारण तुला कळलं होतं. पुढं आपलं जे भांडण झालं, ते तुला कळलं नव्हतं म्हणून झालं नाही.

गोळी लागू पडली. काही महिन्यांत पेशी ताळ्यावर आल्या, पोट उतरलं, तू पुन्हा ओरडून बोलायला लागलास. पुढच्या जत्रेला तू म्हशाला दिवसभर उभा होतास. बैल कमी झालेत, सगळ्यांच्या दारात ट्रॅक्टर आलेत, अशी तुझी नेहमीची तक्रारही सुरू झाली. मी जमेल तिथं तुझं उदाहरण सांगत सुटले. नवीन मुलांना म्हणायचे, बघा, प्रोटीन नीट ओळखलं तर काय होतं, माझा भाऊ बैल विकतोय.

आणि मग तुझ्या तपासणीत रोगाच्या पेशींचा आकडा पुन्हा वर गेला. डॉक्टरांनी विचारलं, गोळ्या रोज घेता ना? तू म्हणालास, "हो हो." वहिनीनं पदर तोंडाशी नेला. मी ते बघितलं. बसस्टँडवर तिला बाजूला घेतलं तर तिनं एका दमात सांगून टाकलं. तू एक दिवस गोळी स्वतः घ्यायचास आणि दुसऱ्या दिवशीची कात्रीनं पाकिटातून कापून वरच्या पाड्यावरच्या सुगंधाला द्यायचास.

सुगंधा आपल्या शेतावर लावणीला येते, लहानपणापासून दुखण्यानं बेजार. अंग ठणकतं, डोळे पिवळे होतात, चार दिवस कामाला आली की चार दिवस पडून. कुणीतरी कधीतरी तिला सांगितलेलं, तुझा रक्ताचा आजार आहे. तेवढंच. तुला मुंबईहून पहिल्यांदा गोळ्या आणल्या तेव्हा ती ओटीवर तांदूळ पाखडत होती. तेवढं तुला पुरलं.

घरी आल्यावर मी तुझ्यावर तुटून पडले. आवाज बाहेर रस्त्यापर्यंत गेला असेल. तू शांतपणे म्हणालास, "ती हजर होती गो."

आपल्याकडं पावसाच्या सुरुवातीला मासे उलट्या धारेनं ओढ्यात चढतात, ती वलगण. ओढ्यावर जो हजर असेल त्याला वाटा, मग त्यानं जाळं धरलेलं असो वा नुसता बघत उभा असो. वाटा मागायचा नसतो, आणि दिला तर नको म्हणायचं नसतं, परत करायचा तर नसतोच. हे मला तू शिकवू नको, मी त्याच ओढ्यावर वाढलेय. मी म्हटलं, "दादा, ही गोळी म्हणजे वलगणीचे मासे नाहीत. गोळीचा वाटा नसतो. तुझी खोबण वेगळी, तिचा रोग वेगळा, तूच टॉवेल टाकून बघितलं होतंस."

"म्हायती हाय."

"मग?"

"मला म्हायती हाय. तिला नाय ना म्हायती. तिला एवढाच दिसतो का हा म्हातारा मरायला टेकलेला, तो उठला. रक्ताचा याचा पण, रक्ताचा माझा पण. मी रोज तिच्या समोर गोळी खायची आन तिनं बघायचं?"

"आतल्या खोलीत जाऊन खायची."

तू माझ्याकडं असं बघितलंस, जसं काही मी घाण बोलले. "लपून खाऊ?" एवढंच म्हणालास. मी म्हटलं, तू तिला खोटं औषध देतोयस आणि स्वतःचं खरं कमी करतोयस, यात शहाणपण कुठलं? तू टॉवेल झटकलास, खांद्यावर टाकलास आणि बैलांना पाणी दाखवायला गेलास. भांडण तिथंच राहिलं. पुढं आपण कितीतरी वेळा भेटलो, बोललो, पण त्या जागी परत आलो नाही. मी आजही तिथंच उभी आहे. तू बैलांकडून यायची वाट बघतेय.

त्याच पावली मी पाड्यावर चढून गेले होते. सुगंधाला झापायलाच गेले होते, खोटं कशाला बोलू. ती दारात बसलेली, गुडघे पोटाशी घेऊन, डोळे हळदीसारखे. मी विचारलं, "दादाच्या गोळ्या घेतल्यास ना?" तिनं मान खाली घालून हो म्हटलं. मी तिच्याशेजारी उंबऱ्यावर बसले. दुसऱ्या दिवशी तिला शहापूरच्या दवाखान्यात नेलं, रक्त तपासायला लावलं. माझा अंदाज होता तेच निघालं. रक्तातलं जे प्रोटीन प्राणवायू वाहून नेतं तेच तिचं जन्मापासून वेगळं आहे. त्यामुळं तिच्या तांबड्या पेशी कोयत्यासारख्या वाकतात आणि बारीक नसांत अडकतात. तिला तिची गोळी सुरू झाली. ठणका कमी झाला. लावणीच्या दिवसांत ती सलग कामावर आली, हे तुला अंथरुणावर असतानाही कळलं होतं. तू म्हणालास, "बघ."

बघ म्हणजे काय, दादा? काय बघू?

इकडं वहिनी तू गोळी गिळेपर्यंत समोर उभी राहायला लागली. पण आकडा खाली येईना. मग डॉक्टरांनी प्रोटीनचीच तपासणी सांगितली. प्रोटीन म्हणजे एक लांब साखळी असते, गुंडाळून गुंडाळून तिला आकार येतो. तुझ्या साखळीतली खोबणीच्या तोंडाशी असलेली एक कडी बदलली होती. तिच्या जागी दुसरी, जरा फुगीर. तेवढ्यानं गोळीला आत जायला वाव राहिला नाही. दुसरं औषध आहे, ते मागवलं, ते येईपर्यंत आणि लागू पडेपर्यंत रोगानं उसळी घेतली. पुढचं तुला माहीतच आहे. त्या शेवटच्या आठवड्यांबद्दल मला लिहायचं नाही.

मी डॉक्टरांना विचारलं, गोळ्या चुकल्या म्हणून हे झालं का? ते म्हणाले, चुकल्यानं होऊ शकतं, एकही न चुकवणाऱ्यांना पण होतं. हे मला ठाऊक होतं. औषध कमी पडलं की दबलेल्या पेशी डोकं वर काढतात, आणि बदललेली कडी असलेल्यांचं फावतं. पण ती कडी आधीपासूनच कुठंतरी लपून बसलेली असू शकते. एका माणसाबद्दल कुणी छातीठोक सांगू शकत नाही. हे वाक्य मी स्वतः लोकांना ऐकवलंय. आता ते मला कुणी ऐकवलं की त्याच्या अंगावर धावून जावंसं वाटतं. म्हणून मी हे भेंडोळं फिरवत बसलेय. ती कडी मोठी करून बघते, लहान करून बघते. ती काही बोलत नाही.

आणि अजून एक, जे कळल्यावर तू मांडीवर थाप मारून हसला असतास. सुगंधाच्या प्रोटीनमध्ये पण एकच कडी बदललेली आहे. तिची जन्मतः, तुझी नंतर. तिच्या दुखण्याचं मूळ एक कडी, तुझ्या गोळीचं बोट अडलं ते पण एका कडीवर. प्रोटीन वेगळी, कड्या वेगळ्या, एकाचं औषध दुसऱ्याला कधीच चालणार नाही, हे मी आजही टेबलावर मूठ आपटून सांगेन. पण तू म्हणाला असतास, "मंग मी काय सांगत होतो?" आणि मला पुन्हा पहिल्यापासून भांडायला लागलं असतं. त्या भांडणासाठी मी काहीही दिलं असतं.

तेराव्याला सुगंधा आली. पुढच्या दारानं नाही, मागच्या. मी चुलीपाशी होते. तिनं मला परसात बोलावलं आणि पदराखालून एक पत्र्याचा डबा काढला. तांदळात पुरून ठेवला असावा, झाकणाच्या कडेला दाणे अडकले होते. उघडला तर आत तुझ्या गोळ्या. कात्रीनं कापलेले चौकोनी तुकडे, प्रत्येकात एक. सगळ्या तशाच्या तशा. एकही फोडलेली नव्हती.

"तू घेतल्यास म्हणालीस," मी म्हटलं.

"तुमी रागात होत्या ताई. नाय घेतल्या असा सांगितला असता तं तुमी दादांना सांगितला असता. त्यांना वाईट वाटला असता."

"मग घेतल्यास कशाला त्याच्याकडून?"

"वाटा दिला त्यांनी. नाय कसा म्हणायचा?" ती डब्याकडं बघत राहिली. "पण त्यांच्याच होत्या ना. त्यांना कधी कमी पडल्या तं लागतील म्हणून ठेवल्या."

मी तिच्यावर ओरडू शकले नाही. तुझ्यावर ओरडायला तू नव्हतास. परसातल्या शेवग्याला धरून उभी राहिले. तू तोंडातली काढून दिलीस, तिनं तोंडात घातली नाही. दोघांनी एकमेकांचं मन राखलं आणि गोळ्या तांदळात पडून राहिल्या, दादा. हे माझ्यानं सहन होत नाही. निदान तिनं घेतल्या आणि वाया गेल्या, असं तरी मला म्हणता येत होतं.

डबा मी ठेवून घेतला. आपल्याकडं वाटा परत घेत नाहीत, पण तो घ्यायला तू नव्हतास, हजर होते ती मीच. हातातल्या पिशवीत टाकला आणि पुढच्या दारी आले. बायका बसल्या होत्या. सुगंधाही येऊन खांबाला टेकून बसली. वहिनी बोलत होती. इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिचा आवाज जरा सुटा झाला होता. म्हणत होती, "गेले, पण त्या पोरीला उठवून गेले. आपल्या तोंडातली गोळी काढून देत होते तिला. आता बघा, कामाला येते, खाते, पिते. त्यांच्या गोळीनं उठली ती." बायका सुगंधाकडं बघायला लागल्या. सुगंधानं माझ्याकडं बघितलं.

मग वहिनी माझ्याकडं वळली. तिला माझ्या शिक्षणाचा केवढा भरवसा, तुला ठाऊक आहे. "उजा शिकलेली हाय, तिला विचारा. काय गो उजे? लागू पडली ना तिला?"

तुझ्याशी भांडताना घसा फाटेपर्यंत जे सांगितलं होतं ते सगळं माझ्या जिभेवर आलं. खोबण, कडी, तिची गोळी वेगळी. वहिनी वाट बघत होती.

"पडली, वहिनी," मी म्हटलं. "दादाचीच गोळी लागू पडली."

वहिनीनं डोळे पुसले आणि सगळ्यांसाठी चहा ठेवायला सांगितला. माझा हात पिशवीत डब्यावर होता.